प्रति: दिघ्यातल्या कुटुंबांसाठी शाळेचं धान्य-संकलन

दिघ्यातल्या गरजू घरांसाठी 'ऐरोलीतल्या शाळेच्या प्रत्येक मुलाने किलोभर तांदूळ आणावा' असं सुचवलं गेलंय. हेतू उत्तम, पण तांदूळ नको. प्राधान्य गटाच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांच्या, रेशनकार्डावर माणशी 5 किलो धान्य महिन्याला मोफत मिळतं. अडतं ते डाळ-तेलापाशी. शिवाय घरोघरचा जुना-नवा तांदूळ एकत्र केला की शिजताना अर्धा गिच्च होतो, अर्धा कच्चा राहतो, आणि एका पिशवीतले टोके सगळ्या पोत्यात पसरतात.

वर्गाला एकच जिन्नस द्या: आठवीला तूरडाळ, नववीला तेल, सगळं सीलबंद. पाच माणसांसाठी डाळ 2 किलो, तेल 2 लिटर, साखर, मीठ, शेंगदाणे, चहा. साबण वेगळ्या पिशवीत. चहा पावडर त्याचा वास हमखास धरते.

त्याआधी मुलांकडून नाका कामगाराच्या, म्हणजे रोज नाक्यावर उभं राहून काम शोधणाऱ्या मजुराच्या, घराचा महिन्याचा हिशेब मांडून घ्या: खोलीभाडं, सिलिंडर, आणि काम न मिळालेले दिवस. पावसाळ्यात बांधकामं थंडावतात, म्हणून वाटप जुलैत ठेवा. दिवाळीत मदत करणारे पुष्कळ असतात. कार्ड नसलेली घरं आधी घ्या. गावाकडचं कार्ड असेल तर त्यावर इथल्या दुकानातही धान्य मिळतं, हे घरोघरी सांगा. आणि फोटो अजिबात नकोत, त्या घरातली मुलंही शाळेत जातात.