ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरला ३६० चा लिक्विड कूलर लागतोच का?

मिलीव्होल्ट

ओव्हरक्लॉक करायचं (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगात चालवायचा) म्हणजे ३६० मिमीचा एआयओ (पंप, नळ्या आणि तीन पंख्यांचा रेडिएटर असलेला तयार लिक्विड कूलर) हवाच, असं आता सगळीकडे गृहीत धरलं जातंय. माझं मत उलटं आहे. आय५-१४६००के सारख्या प्रोसेसरला चांगला ड्युअल टॉवर एअर कूलर (धातूच्या पात्यांचे दोन उभे गठ्ठे आणि पंखे) पुरतो. वाचलेले पैसे मदरबोर्डात किंवा कॅबिनेटच्या पंख्यांत घालावेत.

हिशेब मांडतो. इंटेलने या चिपला कमाल १८१ वॉटची मर्यादा दिली आहे आणि सगळे पी-कोअर (वेगवान मुख्य कोअर) ५.३ गिगाहर्ट्झवर चालतात. ते ५.५ वर न्यायला व्होल्टेज १.२५ वरून १.३५ करावं लागलं असं धरू. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १.१७ पट, आणि वर फ्रिक्वेन्सीचे १.०४. उष्णता २१ टक्के जास्त, वेग मात्र चार टक्केही नाही. १८१ चे साधारण २२० वॉट होतात. थर्मलराइटचा फँटम स्पिरिट १२० एसई (सात हीटपाइप, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) किंवा नॉक्टुआचा एनएच-डी१५ एवढी उष्णता उचलतो. आणि हे २२० वॉट सगळे कोअर राबतात तेव्हाचे. बहुतेक गेममध्ये ही चिप त्याच्या निम्म्यावरच असते.

शिवाय एअर कूलरमध्ये बिघडण्यासारखी वस्तू एकच, पंखा. तो दहा मिनिटांत बदलता येतो. एआयओत पंप, सील, नळ्या आणि आतला द्रव अशी चार दुखणी.

वऱ्हाडी_वॅट

असहमत. तुमचा हिशेब एसीतल्या खोलीचा आहे. कूलर कुठलाही असो, तो खोलीच्या तापमानावर ठरावीक अंश चढवतो. २४ अंशांच्या खोलीत २२० वॉटला प्रोसेसर ८६ दाखवत असेल, तर फरक ६२ चा. आता मे महिन्यातलं नागपूर किंवा अकोला घ्या. खोलीत ३५ म्हणजे बरं म्हणायचं. ३५ अधिक ६२, झाले ९७. त्याच कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड २५०-३०० वॉट ओतत असेल, तर टॉवरला मिळणारी हवा आणखी चार-पाच अंश गरम. १०० ला इंटेलची चिप स्वतःहून वेग कमी करते. मग ओव्हरक्लॉक केला कशासाठी?

एआयओचा खरा फायदा इथे आहे. रेडिएटर पुढच्या बाजूला, हवा आत घेणारा असा लावला की त्याला ग्राफिक्स कार्डची हवा नाही, थेट खोलीची हवा मिळते. टॉवरला ही सोय नाही, तो कार्डाच्या डोक्यावरच बसतो.

(आमच्याकडच्यांसाठी एक: कॅबिनेट डेझर्ट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. पंख्याबरोबर येणारे बारीक थेंब जड पाण्याचे असतात, त्यातले क्षार बोर्डावर बसतात.)

मिलीव्होल्ट

खोलीचा मुद्दा बरोबर, पण उपाय पटत नाही. पुढे लावलेला रेडिएटर स्वतःची सगळी गरम हवा ग्राफिक्स कार्डावर सोडतो. प्रोसेसर थंड झाला आणि कार्ड तापलं, तर गेममध्ये तोटाच. वर लावला तर तो कार्डाची गरम हवा घेणार, म्हणजे टॉवरसारखंच.

दुसरं, एवढ्या वॉटला एआयओ चांगल्या टॉवरपेक्षा पाच ते आठ अंशच जास्त देतो. कारण सिलिकॉनपासून वरच्या धातूच्या झाकणापर्यंतचा अडथळा दोन्हींत तोच राहतो. त्याऐवजी व्होल्टेज १.३५ वरून १.३० वर आणा. वीज सात टक्क्यांनी उतरते, २२० चे २०४ वॉट, आणि तुमचा ६२ चा फरक साडेसत्तावन्न होतो. साडेचार अंश फुकटात. ५.५ ऐवजी ५.४ घ्यावं लागेल कदाचित, पण मे महिन्यात तेच शहाणपणाचं. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) दोन प्रोफाइल ठेवा, उन्हाळी आणि हिवाळी.

तांबटआळी

कूलरवर भांडण्याआधी दोन गोष्टी तपासा. निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे असतं.

पहिली, बायोस. एमएसआयच्या बऱ्याच बोर्डांवर कूलरचा प्रकार विचारतात: बॉक्स, टॉवर की वॉटर. वॉटर निवडलं की पॉवर लिमिट ४०९६ वॉट होते, म्हणजे मर्यादाच नाही. लोक एआयओ बसवतात, प्रामाणिकपणे वॉटर निवडतात, आणि तापमान आधीपेक्षा वाढलं म्हणून कूलर परत करायला निघतात. पीएल१ आणि पीएल२ (सततची आणि थोड्या वेळाची पॉवर लिमिट) हाताने भरा. मगच दोन कूलरांची तुलना करा.

दुसरी, सॉकेट. एलजीए१७०० ची (या इंटेल चिपांच्या सॉकेटची) पकड प्रोसेसरला दोन बाजूंनी मधोमध दाबते. त्याने झाकण किंचित वाकतं आणि कूलरचा तळ सगळीकडे टेकत नाही. कॉन्टॅक्ट फ्रेम (पकडीच्या जागी बसणारी चौकट) काही शे रुपयांना मिळते आणि बऱ्याचदा चार-पाच अंश देते. बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढून आडवा ठेवा. टी२० टॉर्क्सने (चांदणीच्या टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने) पकडीचे चार स्क्रू काढताना मागची प्लेट हाताने धरा, नाहीतर ती खाली पडते. प्रोसेसर जागेवरच राहू द्या. फ्रेम ठेवून स्क्रू तिरक्या जोड्यांनी, प्रत्येकी पाव-पाव फेरा देत आवळा. टेकल्यावर थांबायचं, ताकद लावायची नाही. जास्त आवळलं की सॉकेटच्या पिनांवरचा दाब बिघडतो: मशीन सुरू होत नाही, किंवा दोनपैकी एकच रॅम दिसते. तसं झालं तर रॅमला दोष देऊ नका, चारही स्क्रू अर्धा फेरा सैल करून पाहा.

पंपघर

एआयओची बाजू मांडतो, कारण वर तो पाच-आठ अंशांतच मोजला गेलाय. त्याचं मोठं काम आहे उष्णतेचे झटके पचवणं. समजा लूपमध्ये ३०० मिली द्रव आहे आणि तो पाण्यासारखाच आहे. तो एक अंश तापवायला सव्वा किलोज्युल लागतात, म्हणजे २२० वॉटला जवळपास सहा सेकंद, तेही रेडिएटरने काहीच बाहेर टाकलं नाही तर. कोड कंपाइल करताना वीस सेकंदांचा भार आला आणि गेला, तर पंख्यांना वेग वाढवायची गरजच नाही. म्हणून पंखे प्रोसेसरच्या नव्हे, द्रवाच्या तापमानावर चालवा. द्रवाचा सेन्सर नसेल तर बायोसमध्ये पंख्याचा वेग वाढण्याला पाच-सहा सेकंदांचा विलंब द्या.

याची दुसरी बाजू अशी की दहा मिनिटांच्या सिनेबेंचवरून (पूर्ण भार देणाऱ्या चाचणीवरून) एआयओला पास करू नका. द्रव पूर्ण तापलेला नसतो. अर्धा तास चालवा, एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रामात) शेवटच्या पाच मिनिटांचा आकडा बघा.

बसवताना मुख्य चूक पंप सगळ्यात उंचावर येण्याची. नळ्यांच्या भिंतींतून द्रव वर्षानुवर्षं थोडा थोडा उडतो आणि हवेचा बुडबुडा मोठा होत जातो. तो वरच्या टोकाला जातो. ते टोक रेडिएटरमध्ये असलं पाहिजे. रेडिएटर तळाला लावला तर हवा पंपात अडकते, खळखळ ऐकू येते आणि पंप झिजतो. पंपाची वायर बोर्डाच्या पंप हेडरवर (पंपासाठीच्या जोडणीवर) लावा आणि १०० टक्क्यांवर ठेवा, पंख्याच्या कर्व्हवर (तापमानाप्रमाणे बदलणाऱ्या वेगावर) नको.

पंप बंद पडला हे ओळखायची खूण: चालू केल्यावर मिनिटभरात १००, आणि हात लावला तर एक नळी गरम, दुसरी गार.

वऱ्हाडी_वॅट

व्होल्टेज कमी करण्याचा मुद्दा मान्य, ते तर करायचंच. पण १४९००के ला २५३ वॉटची मर्यादा कंपनीचीच आहे. त्याच्या वर ओव्हरक्लॉक करणाऱ्याला ३५ अंशांच्या खोलीत टॉवर सुचवणं बरोबर नाही. तिथे ३६० च.

तांबटआळी

तिथे माझं मत आहे की ओव्हरक्लॉकच नको. १३व्या-१४व्या पिढीत वाढीव व्होल्टेजमुळे चिपा खराब होण्याचा प्रकार २०२४ मध्ये इंटेलने मान्य केला. ०x१२बी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) असलेला किंवा त्यानंतरचा बायोस आधी टाका. हा धोका हलक्या भारात, एक-दोन कोअर उंच फ्रिक्वेन्सीवर उडी मारतात तेव्हाही असतो. त्या वेळी तापमान ५०-६० च असतं, त्यामुळे कितीही मोठा कूलर त्यातून वाचवत नाही.

नवा_गडी

राइझन ७ ७८००एक्स३डी ला काय लावू? बजेट मर्यादित आहे.

मिलीव्होल्ट

साधा १२० मिमीचा टॉवर. त्याचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) बंद आहे, कमाल तापमान ८९ ला बांधलेलं आहे, आणि पूर्ण भारातही तो १०० वॉटच्या आतबाहेरच असतो. बायोसमधल्या पीबीओमध्ये (एएमडीच्या वेग वाढवणाऱ्या सेटिंगमध्ये) कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे व्होल्टेज कमी करायची सोय, सगळ्या कोअरना उणे १५ पासून सुरू करा, स्थिर राहिलं तर उणे २०, २५. स्थिरता फक्त पूर्ण भारात तपासू नका. मशीन रिकामं असताना रीस्टार्ट होत असेल तर आकडा जास्त झालाय.

पंपघर

एअर कूलरच्या मापांबद्दल कुणी बोललं नाही. एनएच-डी१५ ची उंची १६५ मिमी आहे, कॅबिनेट तेवढी जागा देतं का ते आधी बघा. पुढचा पंखा जागेवर ठेवला तर खाली ३२ मिमी उंचीचीच रॅम मावते. पंखा वर सरकवला की एकूण उंची तेवढी वाढते. पंख्यांसकट वजन १.३ किलोच्या वर. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जोडून घेतलेलं मशीन बसने रत्नागिरीला पाठवायचं असेल, तर टॉवर काढून वेगळा पाठवा. घाटात बोर्ड वाकतो. एआयओत बोर्डावर फक्त पंपाचं वजन येतं.

मिलीव्होल्ट

वजनाचं मान्य. पण धुळीचं काय? रेडिएटरमध्ये धूळ पंखा आणि पात्यांच्या मधे थर होऊन बसते, बाहेरून दिसतही नाही. तीन पंख्यांचे बारा स्क्रू काढल्याशिवाय ती निघत नाही. टॉवरचा पंखा दोन तारांच्या क्लिपांनी निघतो. दोन्हींत ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळी सोडली तर पंखा त्याच्या मर्यादेपेक्षा जोरात फिरतो आणि बेअरिंग जातं.