अंगावरून वारं गेलं आणि खिशात मोबाईल होता

शिवारकर:
मागच्या पावसाळ्यात पहाटे धार काढताना अण्णांच्या हातातून चरवी निसटली. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. आई म्हणाली, "वारं गेलं." लसणाचं तेल चोळलं, मग शेजारच्या गावी झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे नेलं. दवाखाना गाठेपर्यंत दुपारचे दोन वाजले. पक्षाघातात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं, हे तिथे कळलं. खिशात मोबाईल असून १०८ लावायचं सुचलं नाही, हे मला अजून झोपू देत नाही. आशाताईंनी पेशंटचा व्हिडिओ काढून थेट मेंदूच्या डॉक्टरांना पाठवायचा, अशी सोय गावोगावी व्हायला हवी.

घाटमाथा:
दादा, अण्णांचं वाचून वाईट वाटलं. पण हे पटत नाही. व्हिडिओत वाकडं तोंड दिसेल. आत गुठळी आहे की रक्तस्राव, ते सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. रक्तस्रावात तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. आमच्यापासून सीटी मशीन दोन घाट पलीकडे, आणि रेंज शाळेमागच्या टेकडीवर. मोबाईल दिला की सरकारचं काम झालं, असं होईल.

वॉर्ड नंबर तीन:
डोंगर हिमाचलातही आहेत. तिथे २०१४ पासून हे चाललंय. सीटी मशीन होतं, पण मेंदूतज्ज्ञ नव्हते, अशा सरकारी रुग्णालयांतले फिजिशियन स्कॅनचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर तज्ज्ञांना पाठवतात आणि फोनवर विचारून तिथेच इंजेक्शन देतात. महागडं इंजेक्शन सरकार मोफत पुरवतं.

घाटमाथा:
म्हणजे आधी मशीन, आधी इंजेक्शन, मग फोन. मी वेगळं काय म्हणतोय?

आशा कार्यकर्ती, १२ वर्षं:
तुम्ही सगळेच वारं गेल्यानंतरचं बोलताय. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेनं ८६ गावांत पाहणी केली, तेव्हा मृत्यूंचं पहिलं कारण पक्षाघात निघालं. सातातला एक मृत्यू त्यानं, आणि बहुतेक घरातच. मुळाशी बऱ्याचदा वाढलेला बीपी असतो. माझ्या वस्तीवर एक आजोबा "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या खुंटीवरच्या पिशवीत ठेवून देतात. गोळीची आठवण करणारा फोन कामाचा आहे, पण घरातला एकुलता फोन मुलगा ऊसतोडीला घेऊन जातो. शेवटी मलाच जावं लागतं. त्यात अजून एक अ‍ॅप माझ्या माथी मारलं, तर घरभेटी कमी होतील. आमच्या हातात फोन द्या म्हणणाऱ्यांनी हे आधी ऐकावं.

शिवारकर:
ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. व्हिडिओचा आग्रह सोडतो. पण एक गोष्ट सोडत नाही. आम्ही गाडी केली असती, तरी न्यायचं कुठे? पहिल्या दवाखान्यातून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे, असं फिरलो. दुसऱ्या ठिकाणी मशीन होतं, चालवणारा नव्हता. रात्री सीटी कुठे चालू आहे, एवढं फोनवर कळलं तरी तास वाचतात. तालुक्यातल्या सगळ्या ठिकाणी विचारून यादी करतोय. आतापर्यंत चार झाली. रात्री चालणारं एकच.

घाटमाथा:
यादी मलाही पाठव. आमच्या ग्रामसभेत तीच दाखवून मशीन मागतो.