मेंदूतली वायरलेस इम्प्लांट्स बनवायची आहेत, एम.टेक. कशात करू?

कृष्णाकाठ:
सांगलीत ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) शेवटच्या वर्षाला आहे. मेंदूत इम्प्लांट बसवणाऱ्या न्यूरालिंक कंपनीचे व्हिडिओ बघून डोक्यात खूळ शिरलंय. व्हीएलएसआय (म्हणजे चिप डिझाइन) घेऊ की न्यूरोसायन्सकडे वळू? आमचे सर म्हणतात, डोळे झाकून एआय घे. या कामातलं कोणी आहे का इथे?

मिनियापोलिसकर:
आहे. आधी पेसमेकर केले, आता मेंदूची इम्प्लांट्स. सरांचा मान राखून सांगतो, आमचा दिवस एआयमध्ये जात नाही, पाणी आणि उष्णता यांच्याशी भांडण्यात जातो.

आधी हिशेब बघ. मेंदूचे सिग्नल टिपणारे 100 इलेक्ट्रोड, प्रत्येकाचे सेकंदाला 20,000 नमुने, नमुना 12 बिटांचा. म्हणजे सेकंदाला 2 कोटी 40 लाख बिट, आणि तेही कवटीच्या आतून. रेडिओला वीज लागते, विजेची उष्णता होते आणि मेंदूजवळ एखाद्या अंशाची वाढसुद्धा जास्तच. ब्राउन विद्यापीठाच्या गटाने 2013 मध्ये नेमकं एवढ्या वेगाचं उपकरण डुकरं आणि माकडांत बसवून दाखवलं. एका चार्जवर सहा तासांच्या वर चालायचं, पण चार्ज करताना तापायचं म्हणून वरून गार करावं लागे!

आता पाणी. एपॉक्सीतून, म्हणजे सील करायच्या रेझिनमधून, बाष्प हळूहळू आत जातंच, म्हणून टायटॅनियमची डबी लेझरने वेल्ड करतात. पण मोबाईल स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावून बघ. रेंज गेली ना? म्हणून ब्राउनवाल्यांनी त्या डबीला नीलमण्याची खिडकी बसवली, रेडिओलहरी तिथून बाहेर. त्या जोडाची आम्ही हेलियमने गळती तपासतो, मग नग 67 अंशांच्या खारट पाण्यात ठेवतो. दर 10 अंशांना झीज साधारण दुप्पट वेगाने होते असं धरलं, तर तिथले तीन महिने म्हणजे शरीरातली दोन वर्षं. हे काम कंटाळवाणं आहे, व्हिडिओत कधी दिसणार नाही. पण पगार त्याचाच मिळतो.

तेव्हा व्हीएलएसआय घे, त्यातही ॲनालॉग, म्हणजे असे बारीक सिग्नल वाढवणारी सर्किट्स. जोडीला पॅकेजिंग शिक, म्हणजे हेच डबी आणि सीलचं काम.

टाके_घालणारी:
न्यूरोसर्जरीत आहे. वायरलेस हवं ते हौस म्हणून नाही. कवटीतून बाहेर आलेला कनेक्टर म्हणजे जंतूंना उघडं दार. पण मिनियापोलिसकर, तुमच्या डबीत थेंबभर पाणी गेलं नाही तरी मेंदू स्वतः इलेक्ट्रोडभोवती व्रणाची पेशीजाळी विणतो आणि सिग्नल मंदावतो. न्यूरालिंकच्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूतले इलेक्ट्रोडचे काही धागे तर जागेवरून मागे सरकले, 2024 मध्ये कंपनीनेच ते सांगितलं. थोडं जीवशास्त्र शिकू द्या की पोराला!

मिनियापोलिसकर:
डॉक्टर, हे मान्य. पण त्यासाठी डिग्री कशाला, एक चांगला कोर्स पुरे.

कृष्णाकाठ:
दादा, डॉक्टर, दोघांचे आभार. ॲनालॉगमध्ये सुरुवात कुठून करू? कॉलेजच्या लॅबमध्ये ऑसिलोस्कोप आहे, बाकी यथातथाच.

मिनियापोलिसकर:
इंटॅन कंपनीच्या आरएचडी2132 या चिपची डेटाशीट (माहितीपत्रक) नेटवर फुकट मिळते. 32 चॅनेलचा ॲम्प्लिफायर आहे, त्याचा स्वतःचा नॉइज (नको असलेली विजेची खरखर) 2.4 मायक्रोव्होल्ट. न्यूरॉनचा स्पाइक, म्हणजे मेंदूच्या एका पेशीचा विजेचा ठोका, असतो काही दहा ते काही शे मायक्रोव्होल्टचा. एवढा नॉइज का चालतो आणि तो निम्म्यावर आणायला वीज किती जास्त मोजावी लागेल, हे कागदावर मांड आणि इथेच टाक. चुकलं तर ओरडेन.