टोबी जग: ओळखायचे कसे, किंमत किती? (खर्च शून्य हवा)

लेस्टरची_सून: शेजारच्या आजी मुलीकडे कायमच्या राहायला गेल्या. जाताना माणसाच्या आकाराचे तीन चिनी मातीचे जग माझ्या हातात ठेवले. एक बाईचं डोकं, कान (धरायची मूठ) छत्रीचा. तळाला सिंह-मुकुटाचा शिक्का, डी ५४५१, बाजूला बारीक १२. दुसरा डोळ्यांवर पट्टीवाला, कान म्हणजे घोड्याची मान, डी ६५२८. तिसरा अख्खा बसलेला म्हातारा, तिकोनी टोपी, हातात बिअर. तळ कोरा, टोपीला टवका. हा हुबेहूब आमच्या तात्यांसारखा दिसतो! तज्ज्ञाला पैसे द्यायचे नाहीत.

अण्णा_ह्यूस्टन: सरळ लिलावगृहात न्या. मी घड्याळ नेलं होतं, चांगले पैसे आले.

लेस्टरची_सून: अण्णा, शून्य खर्च.

अण्णा_ह्यूस्टन: कमिशन नंतर कापतात हो.

कपबशी: टवका फेविक्विकने बुजवा, वर नेलपॉलिश. कळतसुद्धा नाही.

जुना_बाजार: कपबशी, कृपा करून असले सल्ले देऊ नका! अशाच एका बुजवलेल्या जगाला मी रविवारच्या बाजारात ४० पौंड मोजलेत. घरी यूव्ही टॉर्च मारली तर नाक वेगळंच चमकायला लागलं. बायको अजून त्याला 'चाळीस पौंडांचं नाक' म्हणते.
सूनबाई, नुसतं डोकं-खांदे असतील तर कॅरॅक्टर जग, अख्खा माणूस असेल तर टोबी. पहिले दोन रॉयल डोल्टन या इंग्लिश कंपनीचे. छत्रीवाली म्हणजे डिकन्सच्या कादंबरीतली सेअरी गॅम्प, घोडेवाला डिक टर्पिन दरोडेखोर. टर्पिनच्या आधीच्या जगाला पिस्तुलाचा कान होता, तुमचा नंतरचा, १९६० पासूनचा. डी आकडा नमुन्याचा असतो, वर्षाचा नाही. मुकुटाशेजारच्या बारीक आकड्यात १९२७ मिळवा: १२ म्हणजे १९३९.

बरणीवाला: आमच्या आजेसासूबाईंची लोणच्याची चिनी मातीची बरणी ८० वर्षांची आहे, एक तडा नाही. ती विकली तर किती येतील?

मिडलँडकर: बरणीचा वेगळा धागा काढा. डोल्टनचे हे जग १९३४ पासून इंग्लंडमधल्या बर्सलेमच्या कारखान्यात निघायला लागले, तिथला कलाप्रमुख चार्ल्स नोकच्या काळात. तो कारखाना २००५ मध्ये बंद झाला. माझ्याकडे १९ आहेत. गेल्या वर्षी त्यातली एक सेअरी २२ पौंडांना गेली, तीही खोक्यासकट. लोकांची घरं रिकामी होतायत, बाजारात ढिगाने येतात. ईबेवर मागितलेली किंमत बघून हुरळू नका, विकल्या गेलेल्यांची यादी लावा. आणि शिक्क्याच्या मधोमध बारीक भोक किंवा ओरखडा आहे का? असेल तर तो कारखान्याने दुय्यम ठरवलेला माल.

कपबशी: मी तेच म्हणत होते, ईबे बघा.

अण्णा_ह्यूस्टन: कोरा तळ म्हणजे जपानी नक्कल. फेकून द्या.

मिडलँडकर: उलट बोलताय अण्णा. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असा शिक्का १९४५ ते ५२ च्या मालावर मिळतो. कोरे तर अठराव्या शतकातले इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातले टोबीही असतात. हातात हलके, रंग झिलईत ओघळलेले. पण त्यांच्या नकला शेकड्याने आहेत. जाड, जड आणि चकचकीत असेल तर आशा सोडा.

बरणीवाला: या जगांत ताक चालेल का?

जुना_बाजार: जुन्या झिलईत शिसं असू शकतं. नको.

लेस्टरची_सून: टिचकी मारून पाहिली. सेअरी खणखणीत वाजली. दरोडेखोराच्या शिक्क्यात भोक निघालं. तात्या जड, चकचकीत आणि बद्द वाजतात, आतून कानापाशी तडा आहे.
तर सेअरी आणि दरोडेखोर आज चॅरिटी दुकानात देऊन आले. कोण फोटो काढणार, कोण फुग्यांच्या प्लास्टिकात गुंडाळणार! तात्या गॅसशेजारी बसलेत, डोक्यात झारा आणि दोन उलथणी. टवका भिंतीकडे केलाय.

मिडलँडकर: अहो, १९३९ ची होती ती!

कपबशी: मी असते तर विकली असती.

जुना_बाजार: कुठल्या दुकानात दिली? किती वाजेपर्यंत उघडं असतं?