खोक्यावर २००० पानं, प्रत्यक्षात १२१०. टोनर कार्ट्रिज खरंच किती चालते?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

सदाशिव पेठेत माझी ४० खुर्च्यांची अभ्यासिका आहे, बहुतेक मुलं एमपीएससीची. रात्री उशिरा प्रिंट काढायला ती कुठे धावणार, म्हणून एक साधा ब्लॅक अँड व्हाइट लेझर प्रिंटर घेतला आणि पानाला दीड रुपया ठरवला. हा भाव मी खोक्यावरच्या २००० पानांच्या आकड्यावरून काढला होता.

प्रिंटरबरोबर आलेली कार्ट्रिज, म्हणजे टोनरचा (छपाईच्या काळ्या पुडीचा) डबा, कमी भरलेली होती, ती हिशेबात धरत नाही. पुढची सीलबंद आणली आणि पहिल्या दिवसापासून वहीत आकडे लिहिले. ११४० पानांवर मधोमध फिकी उभी पट्टी आली. कार्ट्रिज काढून आडवी हलवली, अजून ७० पानं निघाली, मग अक्षरं पुसटच.

ती रिफिल करून आणली तर जेमतेम ८६० पानं मिळाली. शिवाय आता सगळ्या पानावर राखाडी झाक असते आणि डाव्या बाजूला एक काळा ठिपका परत परत उमटतो. पट्टी लावून पाहिलं, दोन ठिपक्यांत बरोबर ७५ मिमी अंतर आहे. रिफिलला देण्याआधी आणि आणल्यावर घरच्या काट्यावर वजन केलं होतं, वाढ फक्त ६२ ग्रॅम. दुकानदाराने पूड कमी भरली का? आणि माझ्या हिशेबात चूक कुठे आहे? मुलं महिन्याचे पैसे मोजून वापरतात, भाव वाढवायचा जिवावर येतं.

प्रतिसाद

ताई, मी बरीच वर्षं रिफिलिंगचंच काम केलंय, म्हणून लिहितो. आधी एक सांगा, मुलं छापतात काय? स्वच्छ टाइप केलेल्या नोट्स, की जुन्या प्रश्नपत्रिकांचे स्कॅन?

धागाकर्ती

जवळजवळ सगळे स्कॅनच. झेरॉक्सची झेरॉक्स, कडेला काळी सावली असलेले.

प्रतिसाद

मग तिथेच मेख आहे. खोक्यावरचा आकडा आयएसओ/आयईसी १९७५२ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीचा असतो. त्यातल्या नमुना पानाचा साधारण ५ टक्केच भाग काळा असतो. ए-फोर पानावर ५ टक्के म्हणजे साडेपाच सेंटिमीटर बाजूचा एक भरीव चौकोन, बस. आता तुमच्या स्कॅनच्या लांब कडेला १ सेंमी रुंद काळी पट्टी धरा. २९७ गुणिले १० मिमी, म्हणजे तेवढ्यातच जवळपास ५ टक्के संपले, अक्षर अजून एकही छापलं नाही! कागदाचा करडा रंग बारीक ठिपक्यांनी छापला जातो, तो वेगळाच. त्या मानाने १२१० पानं चांगली म्हणायची.

दुसरं म्हणजे, चाचणीत पानं सलग काढतात. तुमच्याकडे एकेक मुलगा येऊन दोन पानं काढणार. प्रत्येक वेळी छपाईच्या आधी आणि नंतर ड्रम (कार्ट्रिजमधलं नळकांडं, ज्यावरून पूड कागदावर उतरते) आणि रोलर रिकामे फिरतात, झीज होते.

वजनावरून दुकानदाराला लगेच दोष देऊ नका. ड्रमवरून खरवडलेली वाया पूड कार्ट्रिजच्याच वेगळ्या कप्प्यात साठते. त्याने ती काढली असेल तर भरलेली पूड ६२ ग्रॅमपेक्षा जास्त आहे. काढली नसेल, नुसती वरून भरली असेल, तर तो कप्पा ओसंडतो आणि पान घाण होतं. राखाडी झाकेचं एक कारण ते असू शकतं, दुसरं झिजलेलं वायपर ब्लेड, म्हणजे ड्रमवरची उरलेली पूड खरवडणारी पट्टी. पुढच्या वेळी समोर बसून कप्पा रिकामा करून घ्या. पण घरी उघडू नका, ती पूड फार बारीक असते, नाकातोंडात जाते.

७५ मिमी मोजलंत ते फार बरं केलंत. तुमच्या प्रकारच्या कार्ट्रिजचा ड्रम २४ मिमी व्यासाचा असतो, त्याचा घेर ७५ मिमी. म्हणजे ओरखडा ड्रमवरच आहे, पूड कितीही भरली तरी जाणार नाही. ड्रम आणि वायपर ब्लेड एकदमच बदला. कार्ट्रिज बाहेर काढून ठेवली की कापडाने झाका, उजेडाने ड्रम खराब होतो.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. काल रात्री एका मुलाची १८ पानांची प्रश्नपत्रिका घेतली, कडा कापल्या, मोबाइलच्या स्कॅनिंग ॲपमध्ये कृष्णधवल फिल्टर लावून पांढरी करून घेतली. आधीच्या प्रतीशेजारी ठेवली तर शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "ताई, हे तर वाचायलाही सोपं जातंय." आता संगणकाशेजारी कागद चिकटवलाय, आधी कडा कापा, मग प्रिंट द्या. भाव दीड रुपयाच ठेवते. आज संध्याकाळी ड्रम बदलायला जाते आहे, समोर बसूनच करून घेईन. पुढच्या कार्ट्रिजचा आकडा इथेच लिहीन.