बाबांना ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा कॅन्सर) निघालाय. दादाचं लग्न अलीकडे घ्यावं का?

बार्शीची लेक

नमस्कार. बाबा ५९ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेत. गणपतीच्या सुमारास त्यांना शब्द सापडेनासे झाले. पाना हवा असेल तर "ते... ते दे गं" म्हणत नुसती बोटं फिरवायचे. आम्ही बीपीवर ढकललं. मग एका पहाटे फिट आली. एमआरआयमध्ये डाव्या कानाच्या वरच्या बाजूला गाठ. पुण्यात ऑपरेशन झालं. बरीचशी काढली, बोलण्याच्या भागाला चिकटलेली ठेवावी लागली. बायोप्सीत ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४, आयडीएच वाइल्ड टाइप (म्हणजे त्या जनुकात बदल नाही) असं आलंय. एमजीएमटी या जनुकाचा रिपोर्ट यायचाय. दिवाळी झाली की रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडच्या (केमोच्या) गोळ्या सुरू.

डॉक्टर दादाला म्हणाले, "वर्ष-सव्वा वर्ष धरून चाला." घरात हे फक्त आम्हा दोघांना माहीत आहे. आई विचारते, गाठ काढली ना, मग रेडिएशन कशाला? आत्याने कुठल्याशा काढ्याची बाटली आणून ठेवलीय. दादाचं लग्न वैशाखात ठरलंय. तोवर बाबा कसे असतील? कोणी यातून गेलं असेल तर खरं सांगा, गोड बोलू नका.

जुना मिरजकर

तुझ्या वडिलांच्याच वयाचा आहे, म्हणून एकेरीत लिहितो. माझ्या बायकोला हेच होतं, उजव्या बाजूला. शाळेत मराठी शिकवायची. निदानानंतर दोन वर्षांच्या आतबाहेर होती. त्यातलं पहिलं वर्ष, खरं सांगतो, बरं गेलं.

आधी आकडा. डॉक्टरांनी सांगितलेला कुठून येतो ते समजून घे. २००५ साली युरोप-कॅनडातला एक मोठा अभ्यास छापून आला, आजची उपचारपद्धत त्यावरच उभी आहे. नुसतं रेडिएशन घेतलेल्यांच्या आयुष्याचा मध्यक १२.१ महिने, सोबत टेमोझोलोमाइड घेतलेल्यांचा १४.६. म्हणजे निम्मे लोक त्याआधी गेले आणि निम्मे त्यानंतरही होते. गोळ्या घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी शंभरात सव्वीस-सत्तावीस हयात होते, पाच वर्षांनी दहाच्या आसपास. सव्वा वर्ष म्हणजे कोणी ठरवून दिलेली मुदत नाही. पण "आमचे बाबा त्या दहातले" असं गृहीत धरून घरच्या गोष्टी पुढे ढकलू नका.

एमजीएमटीच्या रिपोर्टच्या मागे लाग. ते जनुक 'मिथिलेटेड' असेल तर गोळी जास्त लागू पडते. त्याच अभ्यासात गोळ्या घेणाऱ्यांत मिथिलेटेड असणाऱ्यांचा मध्यक २१.७ महिने होता, नसणाऱ्यांचा १२.७. वय, गाठ किती निघाली आणि माणूस स्वतःच्या पायांनी हिंडतो का, यावरही बरंच ठरतं. साठीच्या आत आणि हिंडतेफिरते, ही तुमची जमेची बाजू.

आईला एवढंच सांग की या गाठीची मुळं नजरेला दिसत नाहीत अशी आजूबाजूच्या मेंदूत पसरलेली असतात, सर्जनला ती काढता येत नाहीत, म्हणून रेडिएशन. वडिलांना किती सांगायचं ते त्यांनाच विचारा: "रिपोर्टबद्दल तुम्हाला सगळं ऐकायचंय का?" आमच्या हिने स्वतःच विचारलं होतं, आणि पेन्शनचे कागद घेऊन बसली होती. सही जमतेय तोवर बँकेचं नॉमिनेशन, जॉइंट खातं, पेन्शनमधली आईची नोंद उरकून टाका. दरवर्षीचा हयातीचा दाखला विसरू नका. हे लिहिताना मी कोरडा वाटत असेन, इलाज नाही.

लग्न अलीकडे घ्या. पण रेडिएशन चालू असताना नको आणि संपल्यासंपल्याही नको, तेव्हा थकवा फार असतो, दिवसाउजेडी सुद्धा डोळे मिटतात. महिना-सव्वा महिना जाऊ दे. माघ बघा.

आणि रेडिएशननंतरचा पहिला एमआरआय कधीकधी आधीपेक्षा वाईट दिसतो. पहिल्या तीनेक महिन्यांत उपचारानेच आलेली सूज गाठ वाढल्यासारखी दिसू शकते. आमच्याकडे त्या फिल्मने घरात सुतक आलं होतं. दोन महिन्यांनी पुन्हा काढला तर डाग लहान झाला होता. तेव्हा एका फिल्मवर लग्नाचा हॉल रद्द करू नका.

हिचं एक सांगतो, कारण असं काही दिसलं तर तुम्ही घाबराल. ताटातली डाव्या बाजूची भाजी, चटणी ती तशीच ठेवायची आणि म्हणायची, "आज भाजी केली नाही?" नखरे नव्हते, तिच्या मेंदूला ती बाजूच कळत नव्हती. ताट अर्धं फिरवून ठेवलं की सगळं संपवायची. तुमच्याकडे गाठ डावीकडे आहे, तेव्हा बोलणं आणि उजवा हात यांकडे लक्ष ठेवा.

वॉर्डातली ताई

कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. मिरजकर काकांनी मोठं लिहिलंय, मी फुटकळ लिहिते.

फिट आली तर कुशीवर झोपवा, घड्याळ बघा. कांदा, चप्पल, तोंडात चमचा काही नको. पाच मिनिटांच्या वर गेली तर नाकात मारायचा मिडॅझोलॅमचा स्प्रे मिळतो, तो आधीच लिहून घ्या, आणि दवाखाना गाठा. डेक्सा (सुजेची स्टेरॉइडची गोळी) सकाळी, खाऊन. रात्री दिली तर झोप उडते. साखर तपासत राहा. ती मनाने एकदम बंद करायची नाही. डेक्सावर भूक लागून गाल भरतात, पाहुणे म्हणतात तब्येत सुधारली. त्याच वेळी मांड्यांतली ताकद जाते, उठताना हात द्या.

टेमो रिकाम्या पोटी, त्याआधी उलटीची गोळी. रेडिएशन चालू असेतो रोज, रविवारीही. सीबीसी (रक्ताची तपासणी) दर आठवड्याला, प्लेटलेट पडतात. काढा घरात असला तरी बाबांच्या पोटात नको, लिव्हर बिघडलं तर गोळ्याच थांबतील. आत्याला दुखवायचं नसेल तर "डॉक्टरांनी सहा महिने बंद केलंय" म्हणा.

बोलताना "काय हवंय?" विचारू नका. वस्तू दाखवून "चहा की दूध?" विचारा.

शेवटचं, रागावू नका. वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, मोफत आहे. तिथे अखेरीलाच जायचं असतं असं नाही, डोकेदुखी, झोप, घरच्यांची घालमेल यासाठीही आधीपासून जाता येतं.

नऊ वर्षं झाली

मलाही ब्रेन ट्यूमर, ग्रेड ३, नऊ वर्षांपूर्वी. अजून रोज स्कूटरवरून बँकेत जातो (फिट नाहीत, डॉक्टरांनी परवानगी दिलीय). पण माझा ऑलिगोडेंड्रोग्लिओमा आहे, म्हणजे वेगळ्या जातीची गाठ, १पी/१९क्यू हे गुणसूत्रांचे तुकडे गेलेली. त्यात रेडिएशन-केमोवर दहा वर्षांच्या वर जगणारे पुष्कळ आहेत. म्हणून ताई, माझं उदाहरण तुमच्या घरी सांगू नका. लोक "अमक्याला तर काही झालं नाही" म्हणत येतील, तेव्हा त्या अमक्याच्या बायोप्सीत काय नाव होतं ते विचारा.

बार्शीची लेक

सगळ्यांचे आभार. एमजीएमटी मिथिलेटेड आलंय. आईला सांगितलं. ती रडली नाही, म्हणाली "मला वाटलंच होतं, तुम्ही दोघं गच्चीवर जाऊन बोलता ते." बाबांना विचारलं. त्यांनी हातानेच 'थोडं' अशी खूण केली. तेवढंच सांगितलं.

मुलीकडचे लगेच तयार झाले, माघातला मुहूर्त मिळालाय. तेव्हा रेडिएशननंतरच्या पाच दिवसांच्या गोळ्यांचा पहिला कोर्स असेल. लग्न नेमकं त्या पाच दिवसांत आलं तर?

जुना मिरजकर

ओपीडीत आत्ताच तारीख सांगून ठेव. काही दिवस मागेपुढे करता येतं बहुतेक वेळा. आणि वडिलांना स्पीकरपासून लांब, पंख्याखाली, हात असलेल्या खुर्चीत बसवा. आहेर द्यायला लोक एकेक करून येऊ देत, एकदम चौघं बोलायला लागले की त्यांना काही कळणार नाही.