पाचटाची राख आणि शेततळं

तळ्यातलं शेवाळ फक्त सांडपाण्याने वाढतं, धूळ ती काय देणार, असं बरेचजण म्हणतात. बेळगावच्या किल्ला तळ्यापुरतं मान्य. आजूबाजूला एवढं शहर असताना धुळीचा हिशेब कोण मांडत बसणार? पण ज्या तळ्याला आकाराच्या मानाने ओढ्यांचं पाणी कमी मिळतं किंवा मिळतच नाही, तिथे गणित बदलतं. अमेरिकेतल्या टाहो सरोवराला मिळणाऱ्या नायट्रोजनपैकी (हे शेवाळाचं खतच) निम्म्याहून अधिक हवेतून येतो. पाणलोट (जिथलं पाणी वाहून तळ्यात येतं ती जमीन) लहान आणि पाण्याचा पसारा मोठा, म्हणून.

आपल्याकडे बघायचं तर चिकोडी-निपाणी पट्ट्यातलं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं बघा. बांध उंच, बाहेरचं पाणी आत येत नाही, भरणा बोअरचा. तरी उसाची तोड संपून पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवायला लागले की काळी कात्रणं उडत येऊन पाण्यावर बसतात, वाऱ्याकडच्या कोपऱ्यात त्यांची साय धरते. पाचट जळताना नायट्रोजन बहुतेक धुरात जातो, पण फॉस्फरस आणि पालाश (पोटॅशियम) बराचसा राखेत उरतो. बोअरच्या पाण्यात नायट्रेट बहुधा असतंच, म्हणजे नायट्रोजन मिळतो. शेवाळाची वाढ अडलेली असते ती फॉस्फरसवर, आणि तो राखेतून येतो. (बगळ्यांची शिटही धरा, ती काही कमी नाही.)

मात्र सगळी धूळ सारखी नाही. खानापूरकडच्या तांबड्या मातीतलं लोह फॉस्फरसला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे ती धूळ पाण्यात पडली तरी शेवाळाच्या हाती फारसं लागत नाही. राखेतला त्या मानाने लवकर सुटतो.